लॉगच्या परमिशन्ससाठी लॉगरोटेट: पाचपैकी साडेतीन

लॉगरोटेट हे साधन लॉगच्या, म्हणजे प्रोग्रामांनी लिहिलेल्या नोंदींच्या, फाइली ठराविक काळानं बाजूला सरकवतं आणि नव्या सुरू करतं; यालाच रोटेशन किंवा लॉग फिरवणं म्हणतात. त्याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात गोष्ट डिस्कचीच असते. किती जागा वाचली, किती दाबून बसवलं, किती आठवड्यांचं ठेवलं. माझा प्रश्न वेगळा आहे. डिस्क भरली तर मॉनिटरिंग बोंब मारतं आणि कुणीतरी झोपेतून उठून जागा करतं. लॉग फाइल मशिनवरच्या प्रत्येकाला वाचता येत असेल, तर मात्र कुठलाही दिवा लाल होत नाही. वर्षानुवर्षं होत नाही. म्हणून मी हे साधन एकाच कसोटीवर तपासलंय: लॉग कोणी वाचायचा हे ठरवायला, आणि ठरवलेलं टिकवायला, याचा कितपत उपयोग होतो. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यात बहुतेक डेबियन आणि उबुंटू, थोडे रेड हॅटच्या घराण्यातले, आणि एका कोपऱ्यात फ्रीबीएसडी. निकाल वर दिलेलाच आहे. दीड गुण कुठे गेला ते सांगते.

"लॉगमध्ये एवढं लपवण्यासारखं असतं तरी काय?" हे नवा डेव्हलपर हमखास विचारतो. मी त्याला ऑथ.लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची फाइल, उघडून दाखवते. पुट्टीसारख्या क्लायंटमध्ये लॉगिनचं नाव विचारलं जातं तिथे माणसं घाईत पासवर्ड टाइप करून एंटर मारतात. एसएसएच, म्हणजे हे दूरचं लॉगिन हाताळणारा प्रोग्राम, तो शब्द इमानेइतबारे "इनव्हॅलिड युजर" म्हणून लिहून ठेवतं. खाली लगेच त्याच आयपी पत्त्यावरून खऱ्या नावानं लॉगिन झाल्याची ओळ येते. पासवर्ड वर, मालकाचं नाव खाली. बीटीएमपी या फसलेल्या लॉगिनच्या फाइलचंही हेच दुखणं, म्हणून ती कुठल्याही शहाण्या सिस्टिमवर सगळ्यांना वाचायला खुली नसते. वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पासवर्ड रिसेटच्या लिंका टोकनसकट पडलेल्या असतात. जावाच्या एखाद्या स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे बिघाडाच्या तपशिलात, डेटाबेसला जोडणारी अख्खी कनेक्शन स्ट्रिंग. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण ते हॅश होण्याआधीच, म्हणजे न ओळखता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच, एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. एवढ्या मोठ्या घरात हे होतं, तर आपल्या घरातल्या प्रोग्रामचं काय सांगावं. प्रोग्राम काय लिहील यावर सिस्टिम सांभाळणाऱ्याचा ताबा नसतो. लिहिलेलं कोण वाचेल, एवढंच हातात असतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे "क्रिएट" ही ओळ. लॉगरोटेट जुनी फाइल बाजूला सरकवतं आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी, रिकामी फाइल तयार करतं. ती कोणाच्या मालकीची, कुठल्या ग्रुपची आणि कुठल्या मोडची (मोड म्हणजे कोणाला वाचायची-लिहायची मुभा ते सांगणारा आकडा) असावी, हे "क्रिएट ०६४० रूट एडीएम" अशा एका ओळीत सांगता येतं. मालकाला, इथे रूट या सर्वाधिकारी युजरला, वाचणं-लिहिणं, एडीएम या लॉग वाचणाऱ्यांच्या ग्रुपला फक्त वाचणं, बाकीच्यांना शून्य. ओळ इतकी साधी आहे की लोक तिच्याकडे लक्षच देत नाहीत. मला विचाराल तर या साधनाचा सगळा जीव या ओळीत आहे.

कारण परमिशन ही फाइलला चिकटलेली असते, नावाला नाही. तुम्ही आज सीएचमॉड, म्हणजे मोड बदलायची आज्ञा, मारून ऑथ.लॉग घट्ट केलीत. पुढच्या आठवड्यात ती फाइल ऑथ.लॉग.१ झाली आणि ऑथ.लॉग नावाची दुसरीच फाइल जन्माला आली. तिला तुमच्या सीएचमॉडची खबरही नसते. ती कशी जन्मेल हे तीनपैकी एक जण ठरवतो. लॉगरोटेटमध्ये मोड लिहिला असेल तर लॉगरोटेट. "नोक्रिएट" असेल, म्हणजे नवी फाइल बनवू नको असं सांगितलं असेल, तर लॉग लिहिणारा प्रोग्राम आणि त्याचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या मोडमधून काय काढून टाकायचं ते सांगणारा आकडा. आणि नुसतंच "क्रिएट" लिहिलं असेल, पुढे काहीच नसेल, तर आधीची फाइल. तिचा मोड, मालक, ग्रुप, सगळं वारशानं पुढे येतं.

हा वारसा मला खटकतो. आधीची फाइल ०६४० असेल तर छान, नवीही ०६४०. पण रात्री दोन वाजता काहीतरी कोसळलंय, कुणीतरी "दोन मिनिटं बघू दे" म्हणून लॉग ०६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल असा, केला, बिघाड दुरुस्त झाला आणि सगळे झोपायला गेले, तर पुढच्या रोटेशनला ०६४४, त्याच्या पुढच्यालाही ०६४४. दोन मिनिटांची सवलत पिढीजात होते. अशा फाइली मी पाहिल्यात ज्यांच्या परमिशनचं कारण सांगणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय. लॉगरोटेटच्या मूळ कॉन्फिगमध्ये मात्र नुसतं "क्रिएट" असतं, आणि लॉगरोटेट.डी या डिरेक्टरीतल्या, एकेका प्रोग्रामसाठी लिहिलेल्या, कॉन्फिगच्या कितीतरी तुकड्यांमध्ये मोड नसतोच, ते मुख्य फाइलवर विसंबतात. अर्धा गुण इथे गेला. मोड स्पष्ट लिहिला की हेच साधन एकदम गुणी होतं. कुणी काहीही उघडं टाकलं तरी पुढच्या रोटेशनला नवी फाइल पुन्हा ०६४० म्हणून उभी राहते, कुणी लक्षात ठेवो न ठेवो. रोजचं रोटेशन असेल तर चूक फार तर एक दिवस जगते.

नवी फाइल, हं. जुन्या तशाच राहतात. लॉगरोटेट फाइल जीझिप करतं तेव्हा दाबलेल्या फाइलला मूळ फाइलचाच मोड देतं. म्हणजे उघडा असलेला तो आठवडा उघडाच दाबला जातो आणि "रोटेट" पुढच्या, किती जुन्या फाइली ठेवायच्या ते सांगणाऱ्या, आकड्याइतका काळ तसाच पडून राहतो. "क्रिएट" ची ओळ दुरुस्त केलीत की मागची .जीझेड पिल्लं हातानं आवरावी लागतात. शिवाय ओळ बदलल्याबरोबर चालू फाइलही बदलत नाही. साप्ताहिक रोटेशन असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहा, नाहीतर लगेच एकदा सीएचमॉड करा, नाहीतर "-एफ" देऊन रोटेशन जबरदस्तीनं घडवा. आणि "नॉटइफएम्प्टी" लिहिलं असेल तर रिकामा लॉग फिरतच नाही, तेव्हा त्याचा मोडही बसून राहतो.

ऑडिटच्या आदल्या दिवशी जे होतं तेही इथेच सांगून टाकते. सीआयएसच्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे सुरक्षित मांडणीच्या मापदंडात, /व्हार/लॉग या लॉगच्या डिरेक्टरीखालच्या फाइलींच्या परमिशन तपासायचा मुद्दा आहे. पीसीआय डीएसएस या कार्ड-पेमेंटच्या सुरक्षा नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत १०.३.१ हे कलम म्हणतं की ऑडिट लॉग वाचायची मुभा कामापुरती गरज असलेल्यांनाच असावी. लोक काय करतात? फाइंड या फाइली शोधणाऱ्या आज्ञेला सीएचमॉड जोडतात आणि अख्ख्या /व्हार/लॉग वरून फिरवतात. ऑडिटर येतो, बघतो, खूण करतो. आठवड्यानं कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहिलेला "क्रिएट ०६४४" आपलं काम करतो आणि सगळं होतं तसं होतं. ऑडिटरनं एलएस, म्हणजे फाइलींची यादी, मागण्याऐवजी लॉगरोटेट.डी ची डिरेक्टरी मागावी असं माझं फार दिवसांपासूनचं म्हणणं आहे. अजून कुणी मागितलेली नाही.

आता त्या एरर मेसेजबद्दल, जो पाहून सगळे या साधनाला शिव्या घालतात. एखाद्या प्रोग्रामची लॉग डिरेक्टरी ग्रुपला किंवा सगळ्यांना लिहिता येण्यासारखी असेल, तर लॉगरोटेट ती फाइल फिरवायला सरळ नकार देतं. मूळ डिरेक्टरीच्या परमिशन असुरक्षित आहेत, रूट सोडून दुसऱ्या ग्रुपला किंवा जगाला तिथे लिहिता येतं, तेव्हा "एसयू" लिहून कुठल्या युजरच्या नावानं फिरवायचं ते सांगा, असं ते म्हणतं. ही सक्ती २०११ मध्ये ३.८.० या आवृत्तीबरोबर आली.

आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलाचा यावरचा संवाद ऐकण्यासारखा होता.

"मॅडम, लॉगरोटेट बिघडलंय. फाइल फिरवतच नाही."

"बिघडलं नाही रे, रुसलंय. डिरेक्टरीचा मोड काय आहे?"

"सातशे सत्याहत्तर. अ‍ॅप लिहू शकत नव्हतं म्हणून केला होता."

"मग आता लॉगरोटेट नाही, तू बिघडलास."

त्याला वाटलं मी नियमावर बोट ठेवतेय. म्हणून मी त्याला कागदावर काढून दाखवलं. फाइल पुसणं किंवा तिचं नाव बदलणं हा अधिकार फाइलच्या मोडवर अवलंबून नसतो, तो डिरेक्टरीच्या मोडवर असतो. लॉग ०६०० रूट केलात आणि डिरेक्टरी ०७७७, म्हणजे सगळ्यांना लिहायला खुली, ठेवलीत, तर कोणीही ती फाइल उचलून बाजूला ठेवेल आणि त्याच नावाचा सिमलिंक लावेल, एखाद्या महत्त्वाच्या सिस्टिम फाइलकडे बोट करणारा. रात्री रूटच्या अधिकारात काहीतरी येतं, त्या नावाची फाइल उघडतं, तिची मालकी बदलतं. बाकीचं काम चोराचं. घराच्या दाराला कुलूप आणि भिंत मात्र पुठ्ठ्याची, असला प्रकार.

हे कागदावरचं भय नाही. २०१६ मध्ये डेबियनच्या एनजिनेक्स या वेब सर्व्हरच्या पॅकेजमध्ये नेमकं हेच सापडलं, सीव्हीई-२०१६-१२४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक). /व्हार/लॉग/एनजिनेक्स ही डिरेक्टरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या, वेब सर्व्हरसाठी असलेल्या, युजरच्या मालकीची होती. वेबसाइटमधल्या एखाद्या भोकातून जो त्या युजरपर्यंत पोचला, तो लॉगच्या जागी सिमलिंक ठेवून लॉग फिरण्याची वाट बघत बसू शकत होता. डेबियनवर तेव्हा रोजची क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी चालत. लॉग फिरला, एनजिनेक्सला फाइली पुन्हा उघडायचा सिग्नल गेला, आणि रूटच्या अधिकारात चालणाऱ्या प्रोसेसनं सिमलिंकमागची फाइल उघडली. तिथून रूट होणं ही औपचारिकता. दुरुस्ती काय होती? डिरेक्टरीची मालकी रूटकडे आणि ग्रुप एडीएम. बस.

पण एक बारकावा पाहा, आणि इथेच माझा पूर्ण एक गुण गेला. लॉगरोटेटचा तो मेसेज पुन्हा वाचा: ग्रुपला लिहिता येतं का, जगाला लिहिता येतं का. डिरेक्टरीच्या मालकाबद्दल त्यात अवाक्षर नाही. डिरेक्टरी ०७५५ असेल आणि मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असेल, तर लॉगरोटेटच्या दृष्टीनं सगळं आलबेल. २०१६ च्या त्या गोष्टीत नेमका हाच आकार होता, आणि लॉगरोटेटनं हूं की चूं केलं नाही. इतक्या तोऱ्यात अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं बाजूचं दार उघडं सोडावं, हे मला पटत नाही. कुणी आपली डिरेक्टरी ०७७७ केली की ते ओरडतं, प्रोग्रामच्याच नावावर केली की गप्प बसतं. आणि दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळतो, कारण तो नीटनेटका दिसतो.

"एसयू" बद्दलही एक तक्रार. प्रोग्रामची डिरेक्टरी प्रोग्रामच्याच हातात असेल तर "एसयू अ‍ॅपयुजर अ‍ॅपग्रुप" लिहावं, म्हणजे फिरवाफिरवी त्याच युजरच्या अधिकारात होते आणि सिमलिंकचा डाव बराचसा फसतो. बराचसा म्हणते, कारण लॉग उघडणारी प्रोसेस स्वतःच रूट असेल तर लॉगरोटेट कोणाच्या नावानं चाललं यानं तिला काही फरक पडत नाही. तरी हा मार्ग उत्तम आहे. पण लोक लिहितात "एसयू रूट रूट", कारण तेवढ्यानं मेसेज बंद होतो. मेसेज बंद, धोका जिथल्या तिथे. साधनाला हे कळायला हवं होतं. "एसयू" लिहिलेलं दिसलं की ते तपासणीच सोडून देतं, मग पुढे कोणाचंही नाव असो. उबुंटूच्या मुख्य कॉन्फिगमध्येच "एसयू रूट एडीएम" आहे. कारण समजण्यासारखं आहे, तिथे /व्हार/लॉग ही डिरेक्टरीच सिसलॉग ग्रुपला लिहिता येते. परिणाम असा की उबुंटूवर तो प्रसिद्ध मेसेज तुम्हाला सहसा दिसणारच नाही, तुमची डिरेक्टरी कशीही असो. तिथे डोळे आपले आपणच उघडे ठेवायचे. आणि हो, "एसयू" मध्ये साधा युजर आणि "क्रिएट" मध्ये रूट मालक असं एकत्र लिहाल तर एरर येईल. साध्या युजरला फाइल रूटच्या नावावर करता येत नाही. हे बरोबरच आहे.

"कॉपीट्रंकेट" ला मी हात लावत नाही. ज्या प्रोग्रामला लॉग पुन्हा उघडता येत नाही त्याच्यासाठी ती सोय आहे: फाइलची नक्कल काढायची आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करायची. पण मूळ फाइल तीच राहते, म्हणून "क्रिएट" ची ओळ निकामी होते. कॉन्फिगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेल्या दिसतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं परमिशनचं भागलं. शिवाय नक्कल आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात त्या जातातच.

लॉगरोटेट काय करू शकत नाही, हेही सांगायला हवं. युनिक्समध्ये परमिशन तपासली जाते ती फाइल उघडताना. एकदा उघडली की मग सीएचमॉड काहीही करा, उघडलेली फाइल वाचता येत राहते. कुणी स्क्रीनमध्ये टेल, म्हणजे लॉगच्या नव्या ओळी दाखवत राहणारी आज्ञा, चालू ठेवून गेला असेल तर तुम्ही ०६४४ चं ०६४० केल्यावरही त्याच्या पडद्यावर ओळी येतच राहतात. एलएसओएफ ही, उघड्या फाइली दाखवणारी, आज्ञा मारून ते पाहता येतं. गंमत म्हणजे हा धागा तुटतो तो रोटेशननंच. "टेल" ला लहान एफ दिला असेल तर तो जुन्या फाइलला चिकटून राहतो आणि नव्या ओळी त्याला दिसत नाहीत. मोठा एफ दिला असेल तर तो नव्या फाइलकडे धावतो आणि त्याला "परमिशन डिनाइड" मिळतं. म्हणून खरोखर घट्ट करायचं असेल तेव्हा मी "क्रिएट" दुरुस्त करते आणि लगेच "-एफ" नं फिरवून टाकते. प्रोग्रामनं नवी फाइल उघडायला हवी हे गृहीत आहे, त्यासाठी पोस्टरोटेटमध्ये, म्हणजे फिरवल्यानंतर चालणाऱ्या आज्ञांत, सिग्नल हवा. ग्रुपमधून काढलेल्या माणसाचंही असंच असतं: त्याची चालू लॉगिन जुनेच ग्रुप घेऊन फिरत असते, ती संपेपर्यंत.

दुसरं, पहिली फाइल. लॉगरोटेट फक्त फिरवताना फाइल बनवतं. नवा प्रोग्राम बसवलात, त्यानं पहिल्यांदा लॉग उघडला, त्या वेळी लॉगरोटेट कुठेच नसतं. प्रोग्राम सहसा ०६६६ मागतो, यूमास्क ०२२ त्यातून वजा होतो, आणि फाइल ०६४४ होऊन बसते. पहिल्या रोटेशनपर्यंत ती उघडीच. तेव्हा यूमास्क ०२७ हा जोडीचा उपाय हवाच. सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेवर चालणारी सर्व्हिस असेल तर युनिट फाइलमध्ये यूमास्क लिहिता येतो, आणि लॉग डिरेक्टरीही तिथूनच बनवून घेता येते. फक्त तिचा मोड सांगा, न सांगितल्यास ती ०७५५ होते. आरसिसलॉग या, सिस्टिमचे लॉग लिहिणाऱ्या, प्रोग्रामचं आणखी निराळं. त्याच्या कॉन्फिगमध्ये स्वतःचा फाइलक्रिएटमोड असतो. डेबियन तो ०६४० ठेवतं, आरसिसलॉगचा मूळ स्वभाव ०६४४. हा मोड फक्त फाइल नसेल तेव्हा लागू होतो. लॉगरोटेटनं आधीच फाइल बनवून ठेवली असेल तर आरसिसलॉग ती आहे तशी वापरतं. जो आधी पोचेल त्याचं खरं. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे लिहिले असतील तर कुठला जिंकला हे शोधण्यात अर्धी सकाळ जाते. दोन्हीकडे एकच आकडा लिहावा.

वाचायची परवानगी मागायला येणाऱ्यांचं काय करायचं? एडीएम ग्रुपमध्ये टाका, असं सगळीकडे सांगितलं जातं. मला ते सढळ वाटतं. एका अ‍ॅपचा लॉग हवा असलेल्या माणसाला एडीएममध्ये टाकलं की त्याला ऑथ.लॉगही दिसते, सिसलॉगही. त्यापेक्षा त्या अ‍ॅपसाठी वेगळा ग्रुप करावा, "क्रिएट ०६४० अ‍ॅपयुजर अ‍ॅपलॉग", आणि डिरेक्टरी ०७५० त्याच ग्रुपची. एकाच माणसापुरतं असेल तर एसीएल, म्हणजे माणसागणिक परवानग्यांची यादी, तेही डिरेक्टरीवर डीफॉल्ट म्हणून लावलेला, म्हणजे नव्या फाइलला तो आपोआप मिळतो. फाइलीवर एसीएल लावला आणि नंतर कुणी सीएचमॉड ०६०० मारला की ग्रुपचे बिट हे मास्क म्हणून वागतात आणि एसीएल कागदावर राहून निष्प्रभ होतो. गेटएफएसीएल मारल्यावर शेजारी प्रत्यक्षात लागू असलेली परमिशन दिसते, ती वाचायची सवय लावून घ्या. जुन्या लॉगसाठी "ओल्डडिर" ही माझी आवडती सोय आहे. फिरवलेल्या फाइली वेगळ्या डिरेक्टरीत जातात, आणि "क्रिएटओल्डडिर" नं तिचा मोड ०७०० ठेवता येतो. चालू लॉग टीमला, मागचा इतिहास फक्त रूटला. लॉग पुसता येऊ नये म्हणून सीएचअ‍ॅटर नं "फक्त जोडता येईल" असा गुण लावणारेही भेटतात. ठीक आहे, पण मग लॉगरोटेटलाही नाव बदलता येत नाही, आणि प्रीरोटेटमध्ये तो गुण काढून पुन्हा लावायचा खटाटोप करावा लागतो.

तुलना करायची तर फ्रीबीएसडीच्या न्यूसिसलॉग या अशाच साधनाशी करावी. दिसायला ओबडधोबड, एका लॉगला एक ओळ, रकानेच रकाने. पण त्यात मोडचा रकाना भरावाच लागतो. मालक आणि ग्रुप गाळता येतात, मोड गाळता येत नाही. ऑथ.लॉगच्या ओळीत ६०० डोळ्यांसमोर असतो. कोणता लॉग कोणाला उघडा आहे हे एका फाइलमध्ये वरून खाली बोट फिरवत वाचता येतं. लॉगरोटेटमध्ये तेच कळायला तुकड्या-तुकड्यांच्या फाइली उघडाव्या लागतात, आणि जिथे काही लिहिलेलं नाही तिथे प्रत्यक्ष फाइल पाहावी लागते. या एका बाबतीत न्यूसिसलॉग सरस आहे, ते मान्य करायला मला संकोच नाही. सिस्टिमडीच्या जर्नलडी या लॉग साठवणाऱ्या भागाचं म्हणाल तर तिथे फाइलीच नसल्यासारख्या असतात, मोड ०६४०, ग्रुप सिस्टिमडी-जर्नल, आणि एकंदरीत सुरक्षित. पण त्या ग्रुपमध्ये माणूस टाकला की त्याला सगळ्या सर्व्हिसचं सगळं दिसतं. "याला फक्त त्या एका सर्व्हिसचा लॉग" हे तिथे सरळपणे सांगता येत नाही.

साधनाच्या स्वतःच्या चारित्र्यावरही दोन डाग आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही परमिशनचेच. सीव्हीई-२०११-१०९८: ३.७.९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत नवी फाइल बनण्याच्या आणि तिला घट्ट मोड मिळण्याच्या मध्ये एक फट होती, तेवढ्यात फाइल उघडणारा आतला मजकूर वाचू शकत असे. वर सांगितलं ना, परमिशन उघडतानाच तपासली जाते. दुसरा सीव्हीई-२०२२-१३४८: लॉगरोटेटची स्वतःची स्टेट फाइल, म्हणजे काय केव्हा फिरवलं याची नोंद, सगळ्यांना वाचता येईल अशी बनायची. वाचता येते म्हणजे लॉक लावता येतो, आणि कुठल्याही साध्या युजरनं लॉक धरून ठेवला की सगळं रोटेशन ठप्प. ३.२०.० मध्ये ते दुरुस्त झालं. जुन्या मशिनवर ती फाइल अजून ०६४४ असू शकते, डेबियनवर /व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस मध्ये बघा. तिथे ०६४० किंवा त्याहून घट्ट मोड दिसायला हवा. हे डाग मी गुणांत धरलेले नाहीत, कारण दुरुस्त्या झाल्या. स्वतःच्या कॉन्फिग फाइलबद्दल मात्र ते कडक आहे: ती ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येत असेल, किंवा मालक रूट नसेल, तर ती फाइल वाचतच नाही. कॉन्फिगमध्ये पोस्टरोटेटच्या नावाखाली रूटच्या अधिकारात काहीही चालवता येतं हे लक्षात घेता, हा कडकपणा योग्यच.

चाचणीची सोय चांगली आहे. "-डी" दिलं की प्रत्यक्षात काही न करता काय करणार ते सांगतं, आणि त्यात नवी फाइल कुठल्या मोडची, कुठल्या यूआयडी-जीआयडीची (मालक आणि ग्रुप यांच्या क्रमांकांची) बनेल तेही छापतं. त्यातली "क्रिएटिंग न्यू" ची ओळ शोधा. त्या दिवशी फिरायची पाळी नसलेल्या लॉगसाठी ती ओळ येत नाही, तेव्हा सोबत "-एफ" ही द्या. बाकी मॅन पेज लांबलचक पण प्रामाणिक आहे. "एसयू" चा परिच्छेद तरी पूर्ण वाचावा.

कंटेनरमध्ये सगळं स्टँडर्ड आउटपुटवर ओतणाऱ्यांना आणि फक्त जर्नलवर राहणाऱ्यांना याची गरज नाही. ज्यांच्या मशिनवर एकापेक्षा जास्त माणसं लॉगिन करतात आणि लॉग अजून साध्या फाइलींत पडतात, त्यांच्याकडे हे बहुतेक आधीपासून बसवलेलंच असेल. लॉगरोटेट.डी मध्ये "क्रिएट" साठी ग्रेप मारून शोधा, ज्या तुकड्यांत आकडा सापडणार नाही तिथे ०६४० लिहा, आणि मग /व्हार/लॉग खालच्या कुठल्या डिरेक्टरीचा मालक रूट सोडून दुसरा कोणी आहे ते फाइंडनं बघा. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघाली तर दचकू नका, माझ्याकडेही बहुतेक मशिनवर तशीच निघते.